एका बाजूत एक बादली

(वाचकांची पत्रं, आमची उत्तरं. या वेळी टेबलावर जवळजवळ एकाच अल्बमची गर्दी झालीय, त्याला माझा नाइलाज आहे.)

प्रश्न: नमस्कार. दिवाळीच्या साफसफाईत आईकडे माळ्यावर एका बुटाच्या खोक्यात 'कंदिसा'ची कॅसेट सापडली, इंडियन ओशन या बँडची. नुसतीच कॅसेट, डबी पण नाही न् कव्हर पण नाही. २००१ ते २००४ आम्ही पाच जण पुण्यात नारायण पेठेत एका वाड्यात वरच्या दोन खोल्यांमधे राहायचो, तेव्हाची आहे. मी उत्साहात फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि लफडं झालं. एक म्हणतो ही मी आणलेली, दुसरा म्हणतो पण पैसे मी दिलेले, तिसरा म्हणतो टेप माझा होता तर त्यात वाजणारी कॅसेटही माझीच धरा. चौथा, जो वर्षभर ग्रुपवर फक्त वाढदिवसाला केकचं चित्र टाकतो, तो पण म्हणाला की पुरावा माझ्याकडे आहे, आणि परत गायब. मला स्वतःला खरंच आठवत नाही कोणी आणली ते. जानेवारीत सगळे भेटतोय, वीस वर्षांनी. तेव्हा ही कोणाला द्यायची? आणि अजून एक, माझी मुलगी नववीत आहे, तिने त्यातलं 'कंदिसा' हे गाणं ऐकून विचारलं बाबा ही भाषा कुठली, मी ठोकून दिलं मल्याळम. बरोबर आहे ना?
— एक जुना कॉट बेसिसवाला, नाशिक

उत्तर: आधी मुलीचं. मल्याळम नाहीये ते, पण तुमची थाप अगदीच वाया गेली असंही नाही, कारण ती प्रार्थना आलीय केरळातूनच. तिथले सिरियन ख्रिश्चन लोक शेकडो वर्षं चर्चमधे सिरियाक भाषेत प्रार्थना म्हणत आलेत, आणि सिरियाक म्हणजे अरमाईकची एक शाखा, अरमाईक म्हणजे येशू ख्रिस्त बोलायचा ती. कंदिसा म्हणजे पवित्र. देव पवित्र आहे, सामर्थ्यवान आहे, अमर आहे, असं आळवून म्हणायची फार जुनी प्रार्थना आहे ती. आम्हाला तरी तेव्हा कुठे माहीत होतं म्हणा, आमच्यातला एक जण तर 'गंध दिसा, गंध दिसा' असं ठणकावून गायचा आणि कोणी चूक काढायचं नाही, कारण चूक काढायला बरोबर काय ते माहीत लागतं.

आता कॅसेटचं. पत्र वाचून पहिली शंका मला तुमचीच आली. कॅसेट सापडली कुठे, तुमच्या आईच्या माळ्यावर. म्हणजे घर सोडताना ती नेली कोणी? आणली कोणी हे वीस वर्षांनी शोधत बसण्यापेक्षा लांबवली कोणी हे जास्त सोपं आहे, आणि ते तुम्ही स्वतःच पत्रात लिहून दिलंय. असो. मी पण घर सोडताना दुसऱ्याची कढई आणलेली आहे, अजून वापरात आहे, त्यामुळे मी काही बोलत नाही.

आमचं घर एरंडवण्यात होतं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, सहा जण, पाच कॉट. सहावा गादीवर, आणि ती गादी दर महिन्याला फिरायची. गीझर नव्हता, म्हणजे भिंतीवर होता पण मालकांनी त्याचं कनेक्शन काढून ठेवलेलं, बिल जास्त येतं म्हणून. तर आमच्याकडे एक हीटर रॉड होता, हजार वॅटचा, आणि एक बादली, लोखंडी, कारण प्लास्टिकची आधीच्या बॅचनं वितळवलेली. बादली तापायला थंडीत पंचवीस मिनिटं लागायची. घड्याळ बघायचं कोणाच्या लक्षात राहायचं नाही, एकदा पाणी उकळून अर्ध्यावर आलं आणि रॉड गेलाच, मग नियम झाला की रॉड लावला की टेप लावायचा. कॅसेटची एक बाजू संपली की टेपचं बटन आपोआप खट्कन वर यायचं, ते ऐकलं की आतून ओरडायचं, झालं रेऽऽ, आणि ज्याचा नंबर असेल त्यानं आधी स्विच बंद करायचा मग पाण्यात हात घालायचा. हा क्रम उलटा करणाऱ्याला काय होतं ते आमच्यातल्या एकाला माहितीय, तो आता इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे.

एका बाजूत एक बादली. सहा जणांच्या सहा बादल्या म्हणजे अख्खा अल्बम तीनदा, सकाळी साडेपाच ते आठ, रोज. आता तुम्हीच सांगा असा अल्बम माणसाला आवडतो की अंगात मुरतो ते. मला आजही त्यातली काही वळणं ऐकली की अंगावर गार वारा येतो आणि लाइफबॉयचा वास येतो, मी ते लोकांना सांगत नाही.

आणि तो अल्बम असा मुरायला योग्यच होता हे मी आता शांतपणे सांगू शकतो. २००० साली आला, टाइम्स म्युझिकनं काढला, एकेक गाणं आपलं निवांत, कुठे पोचायची घाई नाही, रेडिओवर बसेल अशा मापात एकही कापलेलं नाही. चौघं होते तेव्हा, सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती गाणारा आणि तबला वाजवणारा, राहुल राम बास आणि गाणं, अमित किलम ड्रम. दिल्लीचा बँड, १९९० पासूनचा, पण आमच्यापर्यंत यायला दहा वर्षं लागली. मी त्यांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं, लांबून, मैदानात मागं उभा राहून, आणि लक्षात राहिलं ते हे की असीम मांडी घालून बसलेला. रॉक कॉन्सर्ट, लाइट, धूर, पुढची पोरं उड्या मारतायत, आणि हा माणूस भजनाला बसावं तसा मांडी घालून, दोन्ही हात वाजवण्यात आणि मान वर करून गातोय. २५ डिसेंबर २००९ ला तो गेला. पुढच्या वर्षी त्यांचा जो अल्बम आला त्यात त्याचा आवाज आहे, आणि त्या अल्बमचं नाव काय, तर '१६/३३० खजूर रोड'. हा दिल्लीत करोल बागेतला पत्ता, तिथल्या एका जुन्या बंगल्यात हे लोक कित्येक वर्षं प्रॅक्टिस करायचे. घराचा नंबर अल्बमला दिला त्यांनी. हे जेव्हा कळलं तेव्हा मी आमच्या एरंडवण्याच्या फ्लॅटचा नंबर आठवायचा प्रयत्न केला, तर नंबर आठवेना, जिन्यातल्या तुटलेल्या तिसऱ्या पायरीनं पाय अडखळायचा तेवढं आठवलं.

एक मात्र सांगायलाच हवं. आमच्यात एक धडगावचा होता. धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्हा, सातपुड्यात, तिकडे जायला आधी शहाद्यापर्यंत रात्रभर एसटी आणि मग पुढे अजून. तो मेसमधे पण गप्प, खोलीत पण गप्प, डिप्लोमाला होता, ड्रॉइंग सुंदर. कॅसेट नवीन होती तेव्हा 'मा रेवा' लागलं आणि आम्ही सगळे आपापले ब्रश करतोय, कोणी तरी म्हणालं ही रेवा कोण रे, हिरोइन का? तर हा कॉटवरून न उठता म्हणाला, नदी आहे, नर्मदा, आमची. बास, एवढंच. नंतर कधीतरी दिवे गेले होते तेव्हा त्यानं मेणबत्तीच्या उजेडात किचनच्या भिंतीवर पेन्सिलनं दोन आडव्या रेघा मारल्या, पट्टी लावून, ड्रॉइंगवाला ना. खालच्या रेघेवर लिहिलं ९०, वरच्यावर १३८.६८, आणि दोन्हीच्या मधे एक छोटी फुली. ९० मीटर म्हणजे ऑक्टोबर २००० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सरदार सरोवराची भिंत जिथवर लगेच बांधायला परवानगी दिली ती उंची, १३८.६८ म्हणजे धरणाची पुरी उंची. फुली म्हणजे त्याच्या मामाचं घर. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या धरणाच्या बुडितात येत होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, आणि आम्ही सगळे महाराष्ट्रातलेच, पेपर रोज वाचणारे, आम्हाला त्यातल्या एका गावाचं नाव सांगता आलं नाही. तो चिडला वगैरे नाही. म्हणाला गाणं म्हणणारा तिकडे राहिलेला आहे, खोटं नाही गाणं. खरंच होतं ते, राहुल राम काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता, आणि ते गाणं तिथलंच, काठावरच्या लोकांचं आहे. परदेशात जाऊन पर्यावरणातल्या विषांवर पीएचडी केलेला माणूस खोऱ्यात जाऊन राहतो आणि येताना गाणं घेऊन येतो, हे मला तेव्हा नुसतं भारी वाटलेलं. त्या रेघांचा अर्थ जरा उशिरानं कळला.

घर सोडताना मालकांनी भिंत खराब केली म्हणून डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. सहा जणांत वाटून घेतले आम्ही. धडगाववाला म्हणाला मी एकटा देतो, रेघा माझ्या आहेत. कोणी ऐकलं नाही त्याचं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी हिशोबाच्या वहीत बघितलं असतं. आमच्याकडे होती अशी वही, लांबट, लाल पुठ्ठ्याची, दुधाचं, गॅसचं, पेपरचं, केर काढणाऱ्या मावशींचं, सगळं त्यात. कॅसेटचे पैसे कोणाच्या नावावर नव्हते, 'कॉमन' खाली होते, किती ते आठवत नाही पण त्या आठवड्यात दूध अर्ध्या लिटरवर आलं आणि चहा काळा झाला हे पक्कं आठवतं. तुमच्याकडे वही असेल तर बघा. नसेल तर आपापली बाजू मांडणाऱ्या चौघांपैकी प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारा, कुठल्या दुकानातून घेतली. मला वाटतं चार दुकानं निघतील. आणि मग पाचही जणांपैकी कोणीच ती विकत घेतली नव्हती अशी एक शक्यता उरते, ती पण मनात असू द्या.

प्रश्न: माझ्याकडे चाळीसेक जुन्या कॅसेट आहेत, रॉक, नाट्यसंगीत, सगळं मिक्स. जुना डेक पण आहे. सरळ लावून बघू का?
— सोलापूर

उत्तर: नका! म्हणजे लावा, पण आज नका. आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा, कडेला पांढरट पावडरीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, ती डेकमधे घातली की डेकमधून बाकीच्या एकोणचाळीस कॅसेटना लागणार. सोलापूरची हवा कोरडी म्हणून तुम्ही त्यातल्या त्यात नशीबवान, आमच्या कोकणातल्या नातेवाइकांच्या कॅसेट तर कापसासारख्या झाल्यात.

बुरशी नसेल तर खालच्या बाजूला मधोमध एक इवलासा नमद्याचा तुकडा असतो, पितळेच्या पातळ पट्टीवर चिकटवलेला, तो जागेवर आहे का बघा. फितीला हेडवर दाबून धरायचं काम त्याचं. डिंक वाळून तो गळून पडतो, बऱ्याचदा कॅसेट हलवली की आत खुळखुळतो. तो नसला की आवाज येतो पण असा येतो की गायक शेजारच्या घरात गोधडी पांघरून गातोय. बाकी कॅसेट ठीक पण तेवढा नमदा गेला असेल तर रद्दीतल्या एखाद्या बिनकामाच्या कॅसेटमधून काढून लावता येतो, चिमटा आणि धीर लागतो.

मग डेक. वीस वर्षं बंद असलेल्या डेकचा रबरी पट्टा एक तर सैल पडलेला असतो किंवा वितळून काकवीसारखा झालेला असतो, काकवी झाली असेल तर ती बोटाला लागली की दोन दिवस जात नाही. पट्टा बदलून घ्या. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारा, तिथे असली कामं करणारे हात मिळतात अजून. हेड आणि रबरी चाक इअरबड स्पिरिटमधे बुडवून पुसायचं, काळं निघायचं बंद होईपर्यंत.

आणि वाजवायच्या आधी फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्यायची. चिकटलेले पदर सुटतात. इतकी वर्षं घट्ट गुंडाळून राहिलेल्या फितीत एका पदरावरचा आवाज शेजारच्या पदरावर थोडा उतरतो, चुंबकच ना शेवटी, त्यामुळे काय होतं की एकदम शांतता असते, गाणं सुरू व्हायचंय, आणि त्याच्या सेकंदभर आधी तेच गाणं अगदी पुसट, लांबून ऐकू येतं. बिघाड आहे तो, तंत्राच्या दृष्टीनं. मला फार आवडतो. घाबरू नका एवढ्यासाठी सांगितलं.

प्रश्न: तुमच्या आधीच्या एका उत्तरात तुम्ही इंडियन ओशनला रॉक बँड म्हटलं होतं. तबला आहे, लोकगीतं आहेत, याला फ्यूजन म्हणतात. रॉक कसलं?
— डोंबिवली

उत्तर: फ्यूजन म्हणा, काही हरकत नाही, दुकानात पण त्याच फळीवर ठेवायचे. मी रॉक म्हणतो कारण बास पुढे आहे आणि गाणं कोणाची परवानगी मागत नाही. 'हिलेले' ऐका, गोरख पांडेंची भोजपुरी कविता, मोर्चात म्हणायची, आणि ती ड्रम-बासवर ठेवलीय तर कुठेही उपरी वाटत नाही. अमित किलम ड्रमशिवाय गबगुबी पण वाजवतो. गबगुबी म्हणजे काय तर एका तोंडाला कातडं लावलेलं डब्यासारखं वाद्य, त्यातून तार बाहेर काढलेली, तार ओढून ताणायची आणि छेडायची, ताण कमीजास्त केला की आवाज बोलल्यासारखा वरखाली होतो. आपल्याकडे यल्लम्माच्या जोगत्यांकडे चौंडकं असतं ना, त्याच घराण्यातलं. तर डोंबिवलीकर, चौंडक्याचा भाऊ रॉकमधे चालतो की नाही हा वाद आपण चहावर घालू, छापून संपणार नाही.

प्रश्न: मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरीला लागलाय, चार मुलं मिळून फ्लॅट घेतलाय. मागच्या महिन्यात जाऊन आले. घर छान आहे, वॉशिंग मशिन, वायफाय, सगळं. पण चौघं चार कोपऱ्यात, प्रत्येकाच्या कानात बोंडं, एकत्र काही ऐकत नाहीत की बघत नाहीत. तुम्ही नेहमी तुमच्या त्या एकत्र राहण्याच्या गमती लिहिता, म्हणून विचारते, यांना पुढे आठवायला काय राहणार?
— एक आई, इस्लामपूर

उत्तर: काकू, आमची गोष्ट जरा उघडी करून सांगतो. आम्ही एकत्र ऐकायचो कारण टेप एकच होता आणि भिंती पातळ. एकाचं प्रेमप्रकरण मोडलं तेव्हा त्यानं एकच रडकं हिंदी गाणं अकरा दिवस लावलं, पुन्हा पुन्हा रिवाइंड करून, बाराव्या दिवशी आमच्यातल्या एकानं टेपची वायर दाताने कुरतडली असा आरोप आहे आणि तो आजतागायत उंदरावर ढकलला जातो. कंदिसासाठी पण मतदान झालेलं, चार विरुद्ध दोन, हरलेले दोघं पुढे सहा महिने मुद्दाम त्या वेळात बाथरूममधे नळ सोडून बसायचे. त्यातला एक मी होतो हे आता कबूल करायला हरकत नाही. मला पहिला महिनाभर तो अल्बम अजिबात आवडला नव्हता. कानात घालायला बोंडं असती तर मी घातली असती आणि आज तुमच्याशी या विषयावर बोलत नसतो.

तेव्हा पोरांचं त्यांचं काय ते होईल, त्यांना काय आठवेल हे आपल्याला इथून दिसत नाही. एक करा, पुढच्या वेळी लाडू पाठवाल तेव्हा चार छोटे डबे करू नका, एकच मोठा पाठवा, आणि कोणाचं नाव न लिहिता. बघा काय होतं. कुकरबद्दल विचारलंय तुम्ही पत्राच्या शेवटी, तीन लिटरचा पुरे, चौघांचा भात होतो, शिट्टी मोजायला मात्र शिकवून या.

प्रश्न: नमस्कार, मी एडिसन, न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या ग्रुपवर कळलं की नाशिकचा आमचा मित्र तुम्हाला कॅसेटबद्दल विचारणार आहे, म्हणून मी पण लिहितो, दुसरी बाजू पण यायला पाहिजे. केकचं चित्र टाकणारा तो मीच. कॅसेट त्याच्याकडे असेल पण कव्हर माझ्याकडे आहे, ओरिजिनल, घडीचं, दोन हजार चारपासून माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलमधे आहे, पुण्याहून बंगळूर, बंगळूरहून इथे, तीन घरं बदलली पण गेलं नाही. विचारू नका का ठेवलं, व्हिसाच्या इंटरव्ह्यूला पण ती फाइल होती, कॉन्सुलेटच्या बाईसमोर कागद काढताना हे बाहेर पडलं, तिनं उचलून दिलं मला. परवा ग्रुपवरचं बघून मी ते पहिल्यांदा नीट उघडलं. मागे मेसचा फोन नंबर आहे, आमच्यातल्या कोणी तरी गॅसचे पैसे पाचात भागायचा प्रयत्न केलाय आणि चुकलाय, आणि आतल्या बाजूला कोपऱ्यात निळ्या पेननं बारीक लिहिलंय, "शनिवारपर्यंत परत. ठिपका नको." एवढंच. अक्षर आमच्या पाचांपैकी कोणाचंच नाही, मी चौघांची अक्षरं ओळखतो, असाइनमेंट कॉपी केलेल्या आहेत. ठिपका नको म्हणजे काय ते पण कळत नाही. पण माझं म्हणणं असं की कव्हर ज्याच्याकडे त्याची कॅसेट. बरोबर ना?

उत्तर: तुमचं पत्र आणि नाशिकचं पत्र एकाच आठवड्यात आलं, म्हणून एकत्र छापतोय, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

तुमचा पुरावा जोरदार आहे साहेब, फक्त तो तुमच्याविरुद्ध आहे. तुमच्याविरुद्ध, नाशिकविरुद्ध, टेपवाल्याविरुद्ध, पाचांच्याही विरुद्ध. पेठेत असा निरोप लिहिणारं माणूस एक तर शेजारचं असतं किंवा खालच्या मजल्यावरचं, आणि 'ठिपका नको' हे मला तरी स्वच्छ कळतंय. तुम्ही लोक जेवता जेवता कॅसेट बदलायचात. आधीची कुठली तरी आमटीचा ठिपका पडून परत गेलेली असणार आणि त्या व्यक्तीनं या वेळी आधीच बजावून ठेवलं. म्हणजे ही पहिली कॅसेट नव्हे. तुमच्याकडे अशा अजून असतील, बाकीच्या तिघांना पण माळे बघायला सांगा.

आता मालकी वगैरे सोडा, जानेवारीत भेटाल तेव्हा तुम्ही कव्हर आणा, नाशिककर कॅसेट आणतील, सोलापूरच्या उत्तरात लिहिलंय तसं नमदा बिमदा बघून घ्या, एक डबी कुठून तरी पैदा करा, आणि वाडा अजून उभा असेल तर खाली कोण राहायचं ते विचारून या. पाचही जण जा. शनिवार आहे का तेवढा बघून जा.

कव्हरवर ठिपका आहे का, ते मात्र तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत.